चित्रात नाक कुठल्या बाजूला?

पत्र

ताई, मी मूळची सांगलीची. बारावीनंतर शिष्यवृत्ती मिळाली म्हणून अमेरिकेत आले. ओहायोतल्या एका लहान कॉलेजात न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूचं शास्त्र, घेतलंय, सध्या दुसरं वर्ष. आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी साडेचारला बाहेरच्या विद्यापीठांतले संशोधक येऊन टॉक देतात. सेमिस्टरमध्ये सहा टॉकना बसणं आणि प्रत्येकावर एक पान लिहून देणं सक्तीचं आहे. परीक्षेत मला चांगले मार्क पडतात. पण टॉकमध्ये पहिली दहा मिनिटं सरली की काहीही कळेनासं होतं. शेजारची मुलं हात वर करून प्रश्न विचारतात, मी वहीत मान घालून बसते. पान भरायचं म्हणून पाहुण्यांच्या पेपरचा सारांश इकडून तिकडून उतरवते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. आता पुढच्या महिन्यातल्या पाहुण्यांबरोबर पाच विद्यार्थ्यांना जेवायला नेणार आहेत, त्यात सरांनी माझंही नाव घातलंय. आईला सांगितलं तर म्हणाली, "कळत नसेल तर गप्प बसावं, उगाच हसं करून घेऊ नये." मला वाटायला लागलंय की हा विषयच माझा नाही. सोडून देऊ का?

उत्तर

सांगलीच्या लेकी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्याच्याच ओझ्याखाली दबलंय. टॉक कळत नाहीत म्हणून विषय सोडू नकोस. विषय आपला आहे की नाही, ते टॉकच्या खुर्चीत ठरत नाही, प्रॅक्टिकलच्या टेबलाशी ठरतं. सूक्ष्मदर्शकावर चार तास बसलीस की जीव कंटाळतो का? एक उंदीर बाकीच्या अकरांपेक्षा वेगळा का वागला, हे आकड्यांत शोधता शोधता जेवायची वेळ टळून जाते का? त्यावरून ठरव, आणि तेही दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर नको.

आता टॉककडे वळू. मी पंधरा वर्षं उंदरांच्या मेंदूवर काम केलं, त्यानंतर पुण्यात शिकवलं. आजही टॉक माझ्या कामाबाहेरचा असला तर मला निम्मासुद्धा कळत नाही. हे मी तुझं मन राखायला सांगत नाहीये. या विषयाची जडणघडणच तशी आहे. न्यूरोसायन्स म्हणजे एका बापाचं घर नाही. अमेरिकेत या मंडळींची मोठी संघटना उभी राहिली ती १९६९ साली. पदवीच्या मुलांसाठी अभ्यासक्रम निघाला तो १९७३ साली, अ‍ॅमहर्स्ट नावाच्या तुझ्या कॉलेजासारख्याच एका लहान कॉलेजात. शरीरविज्ञान, मानसशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र, आता संगणक, अशा वेगवेगळ्या घरांतून माणसं इथे राहायला आली आणि येताना आपापली भाषा घेऊन आली. पेशीच्या पडद्यातल्या आयन चॅनेलवर, म्हणजे विद्युतभारित कणांच्या ये-जा करायच्या दारांवर, बोलणारा पाहुणा तुमच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना पंधराव्या मिनिटाला हरवून बसतो. माणसांच्या स्मृतीवर बोलणारी पाहुणी जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना विसाव्या मिनिटाला. फरक इतकाच, की त्यांना त्याची सवय झालेली असते आणि तुला अजून झालेली नाही.

मग हे टॉक ठेवतात तरी कशाला? तुमच्यासारख्या लहान कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थी नसतात, दिवसरात्र चालणाऱ्या मोठ्या लॅब नसतात. पाठ्यपुस्तकात ज्ञान कसं घडी घालून ठेवलेलं असतं. ते घडी पडण्याआधी कसं दिसतं, ते दाखवायला बाहेरून माणूस बोलवावा लागतो. पाहुणा धडा शिकवायला येत नाही, चालू काम दाखवायला येतो. म्हणून धडा ऐकायला बसल्यासारखी बसलीस की पदरी निराशाच पडणार.

बसायचं कसं ते सांगते. बहुतेक टॉक पन्नास मिनिटांचे, वर दहा मिनिटं प्रश्नांना. सुरुवातीची आठ-दहा मिनिटं सगळ्यांसाठी असतात. प्रश्न काय आणि तो कुणाला पडला, हे तिथे कळतं, म्हणून ती जिवाचे कान करून ऐक. मधल्या भागात एकामागून एक आकृत्या येतात. त्यातली एक, फक्त एक, निवड आणि बाकीच्या खुशाल जाऊ दे. शेवटी आभाराची स्लाइड येते. तेव्हा मुलं दप्तरं आवरायला लागतात, तू आवरू नकोस. तिच्यावरच्या फोटोतल्या लॅबमधल्या माणसांनीच ते काम केलेलं असतं. नावांखाली तुझ्यासारखी पदवीची मुलं आहेत का, ते बघ आणि वहीत लिहून ठेव. ते कशासाठी, ते पुढे सांगते.

एक आकृती म्हणजे काय, ते एका खऱ्या कामावरून बघू. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुसुमू टोनेगाव या शास्त्रज्ञांच्या लॅबने २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराला एका पेटीत पायाला हलका शॉक दिला. त्या वेळी हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूत आठवणी घडवणाऱ्या भागाच्या, एका तुकड्यातल्या ज्या पेशी कामाला लागल्या, नेमक्या त्याच पेशींत हिरव्या शेवाळातून घेतलेलं एक प्रथिन तयार होईल अशी सोय केली होती. या प्रथिनामुळे पेशी निळ्या प्रकाशाने चालू करता येते. पुढे त्याच उंदराला दुसऱ्याच पेटीत ठेवलं, जिथे त्याला कधीच शॉक बसलेला नव्हता. ग्राफच्या आडव्या अक्षावर तीन-तीन मिनिटांचे चार तुकडे आहेत: दिवा, म्हणजे मेंदूत सोडलेला तो निळा प्रकाश, बंद, चालू, बंद, चालू. उभ्या अक्षावर, उंदीर किती टक्के वेळ भीतीने गोठून बसला, श्वासाखेरीज काहीही हलवलं नाही, ते आहे. दिवा लागला की रेघ वर जाते, विझला की खाली येते. आठवण जणू बटणावर आली.

इथपर्यंत तुला टॉकमध्येही कळलं असतं. आता त्याच ग्राफात खाली सरपटत जाणाऱ्या रेघांकडे बघ. एका गटातल्या उंदरांच्या पेशींत तेच प्रथिन होतं, दिवाही तोच होता, पण त्यांना शॉक दिलेलाच नव्हता. ते गोठले नाहीत. दुसऱ्या गटाला शॉक दिला, दिवाही लावला, पण त्यांच्या पेशींत नुसतं चमकणारं प्रथिन होतं, प्रकाशाने चालू होणारं नव्हतं. तेही गोठले नाहीत. हे दोन गट झाकून ठेव आणि स्वतःला विचार, आता मी काय म्हणू शकते? दिव्याच्या उष्णतेने मेंदू तापला म्हणून उंदीर गोठला नसेल कशावरून? कुठल्याही पेशी चालू केल्या तरी तो असाच दचकला नसता कशावरून? झालं, तुझे दोन प्रश्न तयार झाले, आणि दोन्ही अस्सल आहेत. इथे त्यांची उत्तरं त्या खालच्या रेघांतच आहेत. पुढच्या गुरुवारच्या पाहुण्यांच्या ग्राफात अशी एखादी रेघ नसेल, आणि ती का नाही हे विचारायचा हक्क पहिल्या रांगेइतकाच तुलाही आहे.

हे जमायला तीन-चार टॉक जातील. तोवर दर आकृतीला "किती जनावरं?" एवढंच विचारलंस तरी चालेल. हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण तो तसा नाही. नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्स या नियतकालिकात २०१३ साली एक लेख आला होता. न्यूरोसायन्समधल्या बऱ्याच अभ्यासांत नमुने इतके थोडे असतात की खराखुरा परिणाम असला तरी तो सापडण्याची शक्यता, मध्यकाने बघितली (म्हणजे आकडे क्रमाने लावून मधला धरला) तर, २१ टक्क्यांच्या आसपासच निघते, असं त्यात दाखवलं होतं. त्या लेखावर या क्षेत्रात मोठी चर्चा झाली. आणि पाहुणे माणसांच्या मेंदूचे रंगीत स्कॅन दाखवणार असतील, तर मेलेल्या साल्मन माशाची गोष्ट वाचून जा. २००९ साली काही संशोधकांनी एक मेलेला साल्मन स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. स्कॅनमध्ये हजारो ठिपके एकाच वेळी तपासले जातात, त्यामुळे काही निव्वळ योगायोगाने उजळतात. त्यासाठी आकडेमोडीत दुरुस्ती करावी लागते. ती केली नाही तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसली. दुरुस्ती करताच ती नाहीशी झाली.

तुझ्या आईचं बोलणं मी मनावर घेतलं, कारण माझी आई शब्दाशब्दाने हेच म्हणायची. त्यामागे माया आहे, पोरीला परक्या मुलखात कुणी हसू नये एवढीच. पण त्याखाली आपल्या वर्गांची जुनी सवयही आहे. आपल्याकडे सर विचारतात, "कुणाला काही शंका?" आणि अख्खा वर्ग चिडीचूप. शंका विचारायची म्हणजे मला कळलेलं नाही हे चारचौघांत कबूल करायचं. 'शंका' हा शब्दच आपण स्वतःतल्या उणिवेला चिकटवून ठेवलाय. प्रश्न मात्र पेशीबद्दल असतो, उंदराबद्दल असतो, त्या रेघेबद्दल असतो. हात वर करण्याआधी मनातल्या मनात "माझी एक शंका आहे" याच्या जागी "मला एक प्रश्न पडलाय" असं म्हणून बघ. तिथे तर याचा व्यवहारातही उपयोग आहे. आपण सवयीने "आय हॅव अ डाउट" म्हणतो, आणि अमेरिकन माणसाला त्यातून "तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही" असा वास येतो. "क्वेश्चन" म्हण.

मी पहिला प्रश्न विचारला तेव्हा पीएचडीचं तिसरं वर्ष होतं. त्याआधी दोन वर्षं मी तुझ्यासारखीच वहीत मान घालून बसले. त्या दिवशी पाहुणे उंदराच्या मेंदूचा उभा छेद दाखवत होते, मोठा सुंदर, जांभळा रंग दिलेला. सगळे माना डोलवत होते आणि मला पुढचं कुठलं, मागचं कुठलं, तेच उमगत नव्हतं. वीस मिनिटं मी त्या चित्राशी झगडत होते, त्यामुळे पुढचं काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी हात वर केला आणि विचारलं, "चित्रात नाक कुठल्या बाजूला आहे?" पाहुणे थांबले, मागे वळले, पॉइंटरने दाखवलं: डावीकडे वास घेणारा भाग, म्हणजे नाक इकडे. उजवीकडे लहान मेंदू, त्याच्या पलीकडे कणा. "माफ करा, मी खूण करायला हवी होती," म्हणाले आणि पुढे गेले. एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पाहुण्यांनी मला लॅबमध्ये बोलावलं नाही. पण माझ्या मागच्या रांगेत तीन-चार पेन एकदम कागदावर चालल्याचा आवाज मी ऐकला. त्या मुलांनाही नाक सापडलेलं नव्हतं.

इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसत असशील तर काहालबद्दल वाच. सांतियागो रामोन इ काहाल हा स्पॅनिश माणूस. मेंदूतल्या चेतापेशी या सुट्या, वेगवेगळ्या पेशी आहेत, हे त्याने कॅमिलो गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाने शोधलेली, पेशींना रंग देऊन त्या उठून दिसतील अशी पद्धत वापरून दाखवलं. पण स्पॅनिशमधले लेख वाचणार कोण? १८८९ साली तो आपल्या काचपट्ट्या घेऊन बर्लिनला जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या सभेला गेला. जर्मन येत नव्हतं. तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्याने एकेकाला आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी आणून बसवलं. त्यात कोलिकर नावाचे सत्तरी ओलांडलेले, या शास्त्रातले सगळ्यात मानाचे गृहस्थ होते. त्यांनी डोळा लावला आणि त्यांना पटलं. काम दाखवण्यासारखं असलं की मोडकी भाषाही पुरली.

त्याच्या पुढची गोष्ट तर तू टॉकला जाण्याआधी दर वेळी आठवावीस. १९०६ चं नोबेल गॉल्जी आणि काहाल या दोघांना विभागून मिळालं. ११ डिसेंबरला गॉल्जीने आपल्या भाषणात चेतापेशी सुट्या असतात या मताला सरळ विरोध केला. मेंदू हे एकसंध जाळं आहे, असं तो मानत होता. दुसऱ्या दिवशी काहालने त्याच व्यासपीठावरून उलट बाजू मांडली. त्या सभागृहात तू असतीस आणि पहिल्या दिवशी गॉल्जीचं बोलणं तुझ्या गळी उतरलं नसतं, तर ती तुझी कमी बुद्धी ठरली असती का? पाहुणा कितीही मोठा असो, त्याचं न पटणं हीसुद्धा ऐकण्याचीच एक तऱ्हा आहे. आणि काही टॉक खरोखरच वाईट असतात. पन्नास मिनिटांत सत्तर स्लाइड उडवणाऱ्याचा दोष ऐकणाऱ्या मुलीने आपल्या पदरात घ्यायचा नसतो.

त्या एका पानाचं म्हणशील तर सारांश उतरवणं आजपासून बंद कर. लाज वाटते म्हणालीस, ती योग्य जागी वाटतेय. टॉक संपला की खोलीवर जाऊन आधी मराठीत लिही: आज काय बघितलं आणि त्यात मला काय खटकलं. तू सेमी-इंग्लिशमधून शिकली असशील, तर चेतापेशी, प्रतिक्षिप्त क्रिया हे शब्द तुझ्या ओळखीचे असतील. रविवारी घरी फोन करशील तेव्हा आजीला तीन वाक्यांत सांगता येईल एवढंच लिही. निवडलेली आकृती हाताने काढ, अक्षांवर नावं घाल. मग त्याचं इंग्रजी कर. ते पान लहान होईल, पण तुझं असेल. मी शिकवत असताना शंभर उतरवलेल्या पानांत असं एक पान हाती आलं की मी त्या मुलीला हाक मारून बोलावून घ्यायचे.

आता जेवण. पाहुणे त्या दिवशी सकाळी नऊपासून दर अर्ध्या तासाला एकेका प्राध्यापकाच्या खोलीत बसून येतात. संध्याकाळपर्यंत तेच तेच सांगून थकलेले असतात, आणि विद्यार्थ्यांबरोबरचं जेवण हा त्यांच्यासाठी बहुधा दिवसातला हलका तास असतो. तिथे ज्ञान दाखवायची गरज नाही. हा प्रश्न तुमच्या वाट्याला कसा आला, असं विचार. यातला कुठला प्रयोग फसला होता, असं विचार. फसलेल्या प्रयोगाबद्दल बोलायला संशोधकांना मनापासून आवडतं, कारण पेपरात त्याला जागाच मिळत नाही. हाक मारताना "डॉक्टर" आणि आडनाव म्हण. पहिल्या नावाने हाक मार असं त्यांनीच सांगितलं तर जिभेवर दगड ठेवून तसं म्हण, तिथे तो उद्धटपणा नाही. मांसाहार करत नसलीस तर आधीच सरांना कळव, म्हणजे ताटावर संकोच नको.

आणि आभाराच्या स्लाइडवरून लिहून ठेवलेली नावं इथे कामाला येतात. "तुमच्याकडे उन्हाळ्यात पदवीचे विद्यार्थी काम करताना दिसले. माझ्यासारख्या परदेशी विद्यार्थिनीला संधी असते का?" एवढं स्पष्ट विचार. यात मागणं नाही, ही चौकशी आहे. उन्हाळी संशोधनासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या पैशांवर चालणाऱ्या आरईयू जागा अमेरिकन नागरिक आणि कायमच्या रहिवाशांनाच मिळतात. तुझ्या वर्गातल्या मुली तिथे अर्ज भरतील, तुला तो रस्ता नाही. लॅबच्या स्वतःच्या पैशांतून मिळणारी जागा हा तुझ्यासाठी खुला मार्ग, आणि तो अशाच ताटावर उघडतो. होकार मिळाला तर मात्र काम सुरू करण्याआधी तुमच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात व्हिसाची परवानगी नीट विचारून घे. तिथे हयगय नको.

आईला हे सगळं समजवायला जाऊ नकोस. तिला दाखव. सुट्टीत घरी येशील तेव्हा तिला घेऊन मुंबईला जा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे २००९ पासून 'चाय अँड व्हाय' म्हणून रविवारच्या गप्पा चालतात, जुहूला आणि माटुंग्याला. चहा घेत कुणीही काहीही विचारतं. त्याच संस्थेत शुभा टोळे आणि विदिता वैद्य मेंदूवर काम करतात. दोघी मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, पीएचडीला अमेरिकेत गेल्या आणि परत आल्या. आईला एकदा तशा गप्पांना बसव, आणि तिच्या देखत तू एक प्रश्न विचार.

जेवणाच्या आधी आठवडाभर पाहुण्यांचा एखादा पेपर उघड आणि त्यातली पहिली आकृती हाताने काढून मला पाठव. पूर्ण पेपर नको, तेवढीच. अक्षांवर काय आहे आणि खालची रेघ कुणाची आहे, ते तुझ्या शब्दांत लिही. अडलीस तिथे पेन्सिलीने गोल कर. मी बघून त्याच दिवशी उत्तर देईन.

तुझी,
ताई